जुन्या व्हॅनचा पंखा कां थांबतो?

१९८४ ते २०१९ पर्यंत निघालेली मारुति व्हॅन, ऊर्फ ओम्नी, आमच्या इंदिरानगरांत अद्याप दिसते. मुंबईहून परततांना कसारा घाटांत ती तापली, कीं लोक एंजिनास दोष देतात. वेगांत वारा रेडिएटर थंड करतो. मंद चढावर तें काम विजेच्या पंख्याचें. तो न फिरल्यास एंजिन बंद करून निवूं द्यावें. तापलेलें झाकण उघडूं नये, वाफेनें भाजतें. मग पाणी पाहावें. तें उणें असल्यास उष्णतेचा स्विच बुडत नाहीं. पुढें फ्यूज तपासावा. शेवटीं हात दूर ठेवून पंख्यास बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून थेट द्यावा. फिरला, तर दोष स्विचांत, रिलेंत वा गंजलेल्या अर्थिंगांत. न फिरला, तर पंख्याच्या मोटारींत. क्रमानें शोधणाऱ्याचें एंजिन वांचतें व द्रव्यही, हें आम्ही विद्यार्थ्यांस सांगूं इच्छितों.