शंखावरून नवी जाती कशी ओळखतात?

किनाऱ्यावर शंख वेचताना तुम्ही आधी रंग बघता ना? शास्त्रज्ञ मात्र वेटोळी मोजतात. शंखाच्या तोंडाचा आकार, वरच्या रेघा, टोकाला उरलेला अगदी लहानपणीचा इवलासा शंख, हे सगळं मापून लिहून ठेवतात. एक नमुना संग्रहालयात कायमचा जपतात आणि मग जातीला लॅटिन धाटणीचं नाव देतात.

पण नुसत्या शंखावर भिस्त ठेवली तर फसगत होते बरं का! २००१ मध्ये हिंदी महासागरात, सुमारे २,४०० मीटर खोल, उष्ण झऱ्यांपाशी एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले होते आणि शंखावर लोह सल्फाइडचा काळा थर. पुढे दुसऱ्या झऱ्यांपाशी तशीच, पण पांढरी गोगलगाय मिळाली. मग ही वेगळी जाती का? नाही! डीएनए तपासल्यावर दोन्ही एकच निघाल्या. २०१५ मध्ये तिचं रीतसर वर्णन झालं. नाव पडलं क्रायसोमॅलन स्क्वामिफेरम.

नावाचा एवढा खटाटोप कशाला? अहो, ज्याला नावच नाही त्या जिवाची काळजी कोण घेणार? खोल समुद्रात खाणी सुरू होण्याच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये हीच गोगलगाय धोक्यातल्या जीवांच्या जागतिक 'लाल यादी'त गेली.

आता घरातला एखादा शंख घ्या. रंग न सांगता त्याचं वर्णन वहीत लिहा बघू!