प्रोस्टेटची बायोप्सी झाल्यानंतर: रक्त दिसले तर काय, ताप आला तर काय

प्रोस्टेटची बायोप्सी, म्हणजे गावाकडे ज्याला ‘तुकडा तपासायला पाठवणे’ म्हणतात, ती करून बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. सांगली-मिरजेत या तपासणीसाठी जत, आटपाडी, कवठे महांकाळ, शिराळ्यापासून सीमेपलीकडच्या अथणी-विजापूरपर्यंतचे लोक येतात. मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झाले आणि १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘दुखणे मोठे, तर मिरज’ ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण त्यामुळे होते असे, की त्रास सुरू झालाच तर तो रात्री, घरी, रुग्णालयापासून लांब सुरू होतो. म्हणून पुढचे आठ-दहा दिवस काय होणार आहे, हे रुग्णाइतकेच घरच्यांनाही ठाऊक असायला हवे.

बायोप्सीमध्ये सोनोग्राफीच्या मदतीने बारीक सुईने प्रोस्टेटचे साधारण १० ते १२ नमुने घेतात. सुई गुदद्वाराच्या मार्गातून जाते, किंवा वृषणाची पिशवी आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून. तुमची कोणत्या मार्गाने झाली हे डॉक्टरांना विचारून ठेवा. दुसऱ्या प्रकारात जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. बसण्याच्या जागी एक-दोन दिवस ठणका राहतो आणि त्याला पॅरासिटामॉल पुरते. दुकानातून दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने आणू नका, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर.

रक्त: बहुतेक वेळा घाबरण्याचे कारण नाही

लघवी काही दिवस लालसर होते. कधी मध्ये स्वच्छ होते आणि पुन्हा रंग येतो. कोकम सरबतासारखा फिकट रंग असेल तर पाणी पीत राहा. दिवसाला दोन-अडीच लिटर चालते, मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर तेच प्रमाण पाळा. शौचाला दोन-तीन दिवस थोडे रक्त दिसू शकते. या काळात कुंथायचे नाही. बद्धकोष्ठ असेल तर रात्री इसबगोल घ्या.

वीर्यात रक्त दिसते, हे मात्र अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. साठी-सत्तरीच्या माणसाने ते मुलाला किंवा सुनेला सांगायचे तरी कसे? मग माणूस आतल्या आत कुढत बसतो. वीर्य आधी लाल, नंतर तपकिरी दिसते आणि हे चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त चालते. सुईच्या जागचे जुने रक्त हळूहळू बाहेर पडत असते, इतकेच. त्यावरून आजार वाढला असे समजू नये. पत्नीला त्यापासून अपाय होत नाही. शरीरसंबंध कधी सुरू करायचे हे डॉक्टरांना सरळ विचारा, आमच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे.

रक्ताच्या बाबतीत थांबू नये अशा वेळाही आहेत. लघवी टोमॅटोच्या सारासारखी दाट लाल झाली, गाठी पडू लागल्या, किंवा शौचातून रक्त वाहतच राहिले, तर लगेच रुग्णालयात या. सहा-आठ तास लघवीच झाली नाही आणि ओटीपोट फुगून दुखू लागले, तरीही या. प्रोस्टेट सुजल्याने लघवी अडते आणि काही दिवस नळी घालावी लागते. अशा वेळी पाणी ढोसून उपयोग होत नाही, कळ वाढते.

ताप: सकाळची वाट पाहू नका

माझा अनुभव असा, की रक्ताचे चार थेंब पाहून लोक गाडी काढून धावत येतात आणि थंडी वाजून ताप आला तर पांघरूण घेऊन झोपतात. व्हायला हवे नेमके उलटे.

आतड्यातले जंतू सुईबरोबर प्रोस्टेटमध्ये आणि तिथून रक्तात जाऊ शकतात. हे थोड्याच रुग्णांत होते, पण झाले तर काही तासांत रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. याला सेप्सिस म्हणतात. बहुतेक वेळा ते पहिल्या काही दिवसांतच दिसते. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हुडहुडी, बरळणे, धाप लागणे, अंग गार पडून घाम येणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा, ती सेवा मोफत आहे.

गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेऊन ताप उतरला की बरे वाटते आणि एक दिवस वाया जातो. ताप उतरला म्हणजे जंतू मेले असे नव्हे. आपल्याकडे आतड्यातल्या अनेक जंतूंवर नेहमीच्या प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही, त्यामुळे रक्ताची तपासणी करून शिरेतून योग्य औषध द्यावे लागते. पॅरासिटामॉल घेण्याआधी थर्मामीटर लावा, नाहीतर ताप झाकला जातो. जवळच्या कोणत्याही रुग्णालयात गेलात तरी पहिले वाक्य हे असू द्या: ‘यांची अमुक दिवसांपूर्वी प्रोस्टेटची बायोप्सी झाली आहे.’ सोबत सुट्टीचा कागद न्या. मधुमेह असणाऱ्यांनी अधिक जागरूक राहावे. दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

काम, प्रवास आणि इतर गोळ्या

साधारण आठवडाभर जड उचलायचे नाही. उसाची मोळी नाही, द्राक्षबागेत पाठीवरचा फवारणी पंप नाही. सायकल आणि मोटारसायकलही नाही, कारण दाब नेमका दुखऱ्या जागी येतो. हिंडणे-फिरणे, जिना चढणे, साधे जेवण चालते. घरी जाताना एसटीत मागच्या सीटवर बसू नका.

हृदयात स्टेंट असलेल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी कधी सुरू करायची हे बायोप्सीच्या दिवशीच तारखेसह लिहून घ्यावे. रक्त दिसते म्हणून ती परस्पर बंद करणे धोक्याचे, आणि लवकर सुरू करणेही.

अहवाल

अहवाल यायला सहसा आठवडा-दहा दिवस लागतात. जादा तपासण्या लागल्या तर आणखी. या दिवसांत हमखास कोणीतरी घरी येऊन सांगते, ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो.’ या भीतीने बायोप्सी टाळू नये आणि झाल्यावर झोपही उडवून घेऊ नये. सुईमुळे आजार पसरणे अत्यंत विरळ आहे. उलट तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत.

कर्करोग निघालाच तर अहवालात ग्लीसन स्कोअर असतो. ३+३=६ असेल तर आजार सहसा संथ असतो आणि अनेकांना लगेच शस्त्रक्रिया न करता नियमित तपासणीवर ठेवता येते. कर्करोग नाही असे आले तरी पाठपुरावा थांबत नाही, कारण सुई नेमकी आजाराच्या जागी पोहोचलेली नसू शकते. पीएसएची तपासणी मात्र घाईने पुन्हा करू नका. बायोप्सीनंतर तो आकडा आपोआप वाढतो आणि खाली यायला सहा ते आठ आठवडे लागतात.