दक्खनच्या मातीतली हस्तिदंती बाहुली

नगर-कल्याण महामार्गावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्ये पिंपरी पेंढार लागते. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात पूर्वी अनेक घरांत सांबरशिंगाचा तुकडा असे. छातीत दुखू लागले किंवा अंगावर सूज आली की म्हातारी माणसे सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून तो उगाळत आणि लेप लावत. झिजून झिजून बोटाएवढा उरला तरी तो तुकडा कोणी टाकून देत नसे.

मराठीत सांबराचेही शिंग आणि बैलाचेही शिंगच. पण कारागिराच्या हातात ही दोन निरनिराळी द्रव्ये आहेत. बैल, म्हैस, काळवीट यांचे शिंग म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचे पोकळ आवरण. ते तापवले की मऊ होते, वाकवता येते, आणि एकदा आले की जन्मभर राहते. सांबर आणि चितळ यांची फांद्यांची शिंगे मात्र खरेखुरे भरीव हाड असतात. ती फक्त नराला येतात आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. त्यामुळे जनावर न मारताही माणसाला ती रानात वेचता आली. हस्तिदंत हा तर हत्तीचा दातच. त्याचे कण इतके बारीक आणि एकजीव, की सुईच्या टोकाएवढी नक्षीही त्यावर उमटते आणि घासला की मऊ चकाकी चढते.

हाड कोरण्याची कला धातूहून कितीतरी जुनी आहे. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ साली गिधाडाच्या हाडाची बासरी सापडली. तिचे वय सुमारे चाळीस हजार वर्षे. आपल्याकडचा पुरावा घोड नदीकाठी आहे. आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीत उगम पावणारी घोड पुढे शिरूर तालुक्यात इनामगावला पोहोचते; जुन्नरची कुकडीही शेवटी तिलाच मिळते. इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. त्यांच्याकडे तांबे होते, पण ते दुर्मिळ. रोजच्या कामाला गारगोटीची पाती आणि हाडाची टोकदार हत्यारे असत. जनावराचे मांस खाल्ले, कातडे वापरले आणि उरलेल्या हाडाचे हत्यार केले, असा हा संसार होता.

पुढे सातवाहनांच्या काळात हीच कला बाजारपेठेत आली. जुन्नर तेव्हा मोठे व्यापारी नगर होते. घाटमाथ्यावरचा माल नाणेघाटातून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे उतरे. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कासार, बांबूकाम करणारे आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी, म्हणजे संघटना, भेटतात. यवन, म्हणजे ग्रीक, दातेही भेटतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, या पेठांची नावे आहेत. भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे.

१९३८ साली इटलीत अमेदेओ मायुरी पाँपेईचे उत्खनन करत होते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या एका घरात त्यांना जेमतेम वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. गळ्यात भरगच्च हार, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या सेविका. घडण अस्सल भारतीय होती. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले. आज बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्या अंगातून उभे भोक गेले आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा भाग असावी असा तर्क आहे.

तिचे माहेर शोधताना अभ्यासकांची नजर मराठवाड्याकडे वळली. तेरला मिळालेली हस्तिदंती बाहुली आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळालेली मोडकी मूर्ती या दोन्ही तिच्याच वळणाच्या आहेत. म्हणूनच पाँपेईची मूर्ती दक्खनमध्ये घडली असावी, असे अनेकांचे मत आहे. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची बाहुली मात्र आपल्याच राज्यात, तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाची शान आहे.

हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांचा मान केवढा होता, हे सांचीला कळते. तिथल्या दक्षिण तोरणावरचे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केले, असे शिलालेखच सांगतो. दातावर सरावलेले हात दगडावरही तितकेच नाजूक चालले. पुढे पोर्तुगीज काळात गोव्यात स्थानिक कारागिरांनी हस्तिदंतात बाळ येशू आणि मेंढपाळ येशू कोरले. जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात ही परंपरा पाहता येते.

या सौंदर्याची किंमत हत्तींनी मोजली, हे विसरून चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंतालाही दार बंद झाले. सांबरशिंगाची खरेदी-विक्रीही गुन्हा आहे. हे योग्यच झाले. नवी बाहुली आता घडायला नको. पण घडून गेलेल्या जपायला हव्यात.

अशा जुन्या वस्तू अजूनही मातीत आहेत. गावाजवळच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती शेतात टाकायला नेताना किंवा घराचा पाया खोदताना खापरांबरोबर टोक काढलेले हाड, नक्षीची फणी, एखादा मणी वर येतो, आणि बहुतेक वेळा उकिरड्यावर जातो. अशी वस्तू दिसली तर ती धुऊ नका, घासू नका, विकू तर मुळीच नका. कुठे आणि किती खोल सापडली ते लिहून ठेवा आणि तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.