स्वयंभू संख्या : अंकक्रीडा की गणित?

दशमान पद्धतीतील अंकांवर क्रिया करून मिळणाऱ्या पूर्णांक-क्रमिकांकडे गणितज्ञ बहुधा करमणुकीचा विषय म्हणून पाहतात. जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात ८७१२ व ९८०१ यांचे उदाहरण दिले आहे. चार अंकी संख्यांत या दोनच संख्या आपल्या उलट मांडणीच्या चौपट व नऊपट आहेत. पण अशा सुट्या नवलातून व्यापक असे काही निष्पन्न होत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हा आक्षेप सर्वच अंकक्रीडेस लागू पडतो काय, हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या स्वयंभू संख्यांच्या आधारे पाहू. देवळाली येथे शाळाशिक्षक असलेल्या कापरेकरांनी या संख्यांवरील आपली पुस्तिका १९६३ साली प्रसिद्ध केली.

कोणतीही संख्या घेऊन तीत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ पासून २३ + २ + ३ = २८ मिळते; म्हणून २३ ही २८ ची जनक होय. १०१ ला ९१ व १०० असे दोन जनक आहेत. याउलट २० ला एकही जनक नाही. अशा जनकहीन संख्या त्या स्वयंभू : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३...

एखादी संख्या स्वयंभू आहे की नाही, हे कसे ठरवावे? कोणतीही संख्या आणि तिची अंकबेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी एकच उरते. जनकाची अंकबेरीज अ मानल्यास दिलेल्या संख्येची बाकी २अ च्या बाकीइतकी असते. दोन्हींस ५ ने गुणले की १०अ, म्हणजेच अ ची बाकी मिळते. यामुळे सहा अंकी संख्येसाठी केवळ सहाच पर्याय तपासावे लागतात.

धाराशिव शहराचा पिनकोड ४१३५०१ घेऊ. त्याची बाकी ५. पाचपट २५, तिची बाकी ७. म्हणून अ = ७, १६, २५, ३४, ४३ किंवा ५२. पैकी २५ वजा करता ४१३४७६ उरते व त्याची अंकबेरीज २५ च भरते. इतर पर्याय जुळत नाहीत. म्हणजे या संख्येस एकच जनक आहे. आता १९६३ घ्या. पर्याय ५, १४, २३, ३२. उरणाऱ्या संख्या १९५८, १९४९, १९४०, १९३१. त्यांच्या अंकबेरजा २३, २३, १४, १४. एकही जुळत नाही. १९६३ स्वयंभू आहे!

दहा हा पाया मानवी सोयीचा आहे, हे खरे. परंतु तो बदलला तरी प्रश्न संपत नाही. पाया विषम असल्यास संख्या व तिची अंकबेरीज दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात. त्यांची बेरीज नेहमी सम येते. म्हणून अशा प्रत्येक पायात सर्व विषम संख्या स्वयंभू ठरतात. दशमान पद्धतीत स्वयंभू संख्यांना शून्याहून मोठी निश्चित घनता आहे, असे उंबेर्तो झान्निएर यांनी १९८२ साली सिद्ध केले.

तात्पर्य, हार्डींचा आक्षेप एकट्या-दुकट्या योगायोगास लागू पडतो. जेथे अंकांच्या खेळातून सर्व संख्यांविषयी विधान करता येते व त्याची सिद्धता मागता येते, तेथे तो खेळ गणितच होय.