पॉइंट रॉबर्ट्सचा एक कामाचा दिवस

सकाळी साडेसहा. डिसेंबर महिना, शाळेचा दिवस. ४९ अंश अक्षांशावर या दिवसांत सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे मुलं बसची वाट पाहतात ती काळोखात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या या गावात शाळा आहे, पण पहिल्या दोन-तीन इयत्तांपुरती. त्यापुढच्या मुलांना ब्लेनला जावं लागतं. ब्लेन याच राज्यात, याच व्हॉटकम काउंटीत, सुमारे ४० किलोमीटरवर. रस्ता मात्र कॅनडातून जातो. बस उत्तरेला निघाली की गावाच्या वेशीवरच कॅनडाचा नाका. पुढे ब्रिटिश कोलंबियातून बाउंडरी बे या उपसागराला वळसा घालायचा, की पुन्हा अमेरिकेचा नाका. परतताना हेच उलट्या क्रमाने. दहा वर्षांचं पोर रोज चार वेळा आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडतं, आणि बसमध्ये डुलक्याही काढतं.

साडेसात. आता मोठ्यांची रांग. इथे दोन्ही देशांचं नागरिकत्व असलेले पुष्कळ आहेत. काहींची नोकरी पलीकडे, काहींचा दंतवैद्य पलीकडे. गावातून बाहेर पडायला जमिनीवरून ही एकच वाट.

आठ. उजाडतं, आणि गावाचा आकार दिसू लागतो. जेमतेम साडेबारा चौरस किलोमीटरचा तुकडा. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला कॅनडा. हिमयुग सरलं तेव्हा हे बेट होतं, हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांचं. फ्रेझर नदीने हजारो वर्षं गाळ ओतून ते उत्तरेच्या जमिनीला जोडलं. १७९१ साली स्पॅनिश दर्यावर्द्यांनी लांबून पाहून नकाशात बेट म्हणूनच काढलं. पुढच्या वर्षी जॉर्ज व्हँकूवर आला आणि हेन्री रॉबर्ट्स या आपल्या मित्राचं नाव देऊन गेला. १८४६ च्या ओरेगन करारात ब्रिटन आणि अमेरिकेने ४९ वा अक्षांश हद्द म्हणून धरला आणि ती रेघ सरळ समुद्रात नेली. वाटेत एका भूशिराचं टोक तिच्या दक्षिणेला उरतंय, हे वाटाघाटीच्या मेजावर कोणाला अडलं नाही. नदीने जोडलेलं करारानं तोडलं. पश्चिमेच्या कड्यावर १८६१ चा दगडी स्तंभ अजून उभा आहे. या सीमेच्या खुणांमध्ये त्याचा क्रमांक पहिला.

नऊ. कचेऱ्या उघडतात, त्यांना ‘कचेऱ्या’ म्हणायचं तर. पॉइंट रॉबर्ट्सला नगरपालिका नाही, महापौर नाही, स्वतःचे पोलीस नाहीत. अमेरिकेत अशा वस्तीला शहर म्हणून कायदेशीर अस्तित्वच नसतं. तिचा कारभार काउंटी पाहते, आणि काउंटीचं मुख्य ठाणं बेलिंगहॅम, म्हणजे पुन्हा दोन नाक्यांपलीकडे. आपल्याकडे स्वतःची ग्रामपंचायत नसलेली, पलीकडच्या गावात मतदान करणारी वाडी असते, तिचं हे भावंड. मात्र सगळंच परस्वाधीन नाही. पाणी, अग्निशमन, उद्यानं, दवाखाना या एकेका गरजेसाठी वेगळा ‘जिल्हा’ आहे, त्याचं निवडून आलेलं छोटं मंडळ आहे आणि त्याचा वेगळा कर आहे. बाकी रस्ते, बांधकाम परवाने, कायदा-सुव्यवस्था काउंटीकडे. शेरीफचा डेप्युटी गावात असतो. त्याने कोणाला पकडलंच, तर आरोपीला घेऊन कॅनडातून जाता येत नाही. मग बोट किंवा विमान.

नळ सोडला की येतं ते पाणीही कॅनडाचं. १९७० च्या दशकात इथल्या विहिरी पुरेनाशा झाल्या, नवी घरं बांधणं अडलं. शेवटी १९८७ साली व्हँकूवरच्या पाणीयंत्रणेशी करार होऊन नळ आला. वीजही तिकडूनच येते. त्याच सत्तरच्या दशकात दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगापुढे अशी योजना आली होती, की हा सगळा परिसर एका मोठ्या आंतरराष्ट्रीय उद्यानात घालावा. रहिवाशांनी इतका विरोध केला की कागद बासनात गेले. माझ्या मते या गावाने गाव म्हणून घेतलेला हा सगळ्यांत ठाम निर्णय, आणि तोही नकाराचा.

अकरा ते दोन. डिसेंबरातली खरी कमाई याच वेळात. ट्रकमधून खोकी उतरतात. खोक्यावर पत्ता पॉइंट रॉबर्ट्सचा, पण मालक व्हँकूवर, सरे, रिचमंडचा. अमेरिकी दुकानं कॅनडात माल पाठवायला जबर पैसे घेतात, किंवा पाठवतच नाहीत. म्हणून तिकडचे लोक इथल्या पार्सल-दुकानाचा पत्ता देतात, सीमा ओलांडून येतात, खोक्यामागे काही डॉलर मोजतात आणि परतताना नाक्यावर किंमत सांगून कर भरतात. दुकानातल्या माणसाचं काम म्हणजे नाव विचारणं, फडताळ धुंडाळणं, सही घेणं. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत त्याला जेवायला उसंत नसते. खोकं घेतलेला माणूस जाता जाता गाडीची टाकी भरतो, सुपरमार्केटमधून दूध-चीज उचलतो. इथल्या पंपावर पेट्रोल लिटरने मिळतं. उरलेली अमेरिका गॅलन मोजत असली तरी गिऱ्हाइकाला जे माप कळतं तेच दुकानदार लावतो.

पूर्वी हा धंदा बाटलीचा होता. ब्रिटिश कोलंबियात रविवारी मद्यालयं बंद असत, त्या काळात पलीकडून लोंढे येत आणि इथल्या मोठाल्या बारमध्ये रात्रीपर्यंत कल्लोळ चाले. तिकडचा कायदा सैल झाला आणि इकडचे बार ओस पडले.

दुपारी अडीच. गिऱ्हाईक ओसरलं की आग्नेय टोकाकडे, लिली पॉइंटला जावं. जवळच्या रस्त्याचं नाव एपीए रोड आहे. ही अक्षरं अलास्का पॅकर्स असोसिएशन या मासे डबाबंद करणाऱ्या कंपनीची, आणि गावाचा निम्मा इतिहास त्यांत आहे. फ्रेझर नदीत अंडी घालायला निघालेले सॉकआय सामन मासे या टोकाला वळसा घालून जातात. लमी आणि आजूबाजूच्या सॅलिश जमाती पिढ्यानपिढ्या इथे दोन होड्यांमध्ये जाळं ताणून ते धरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनरीवाले, म्हणजे हे मासे डबाबंद करणारे कारखानदार, आले. त्यांनी समुद्रात खांब ठोकून मोठाले सापळे उभारले, आणि मासा जमातींच्या जाळ्यापर्यंत पोचेनासा झाला. लमींचा मासेमारीचा हक्क तहात लिहिलेला होता. त्यांच्या वतीने अमेरिकी सरकारच कोर्टात गेलं आणि १८९७ साली हरलं. तहातल्या हक्काची किंमत कॅनरीच्या एका हंगामापेक्षा कमी ठरली, असंच म्हणावं लागतं. सापळ्यांवर वॉशिंग्टन राज्यात बंदी आली ती १९३४ साली, मतदारांच्या कौलाने. तोवर इथली कॅनरी केव्हाच बंद पडली होती. आज कड्याखाली तिच्या खांबांचे बुंधे तेवढे दिसतात.

कॅनरीच्या दिवसांतच आइसलँडची कुटुंबं इथे वसली. जमीन लष्करासाठी राखीव, म्हणजे कायद्याने ते अतिक्रमणच. १९०८ साली थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना ती वसाहतीसाठी मोकळी झाली आणि त्यांना हक्क मिळाला. सीमेला घासून जाणाऱ्या रस्त्याचं नाव रूझवेल्ट वे आहे. पलीकडचं परसदार कॅनडात.

सव्वाचार. सूर्य मावळतो. बंद खिडक्यांची बरीच घरं दिसतात. ती कॅनडावाल्यांची उन्हाळी घरं, जूनमध्ये उघडतील. ब्लेनची बस परत येते, चौथा नाका ओलांडून.

ही बस, ही खोकी, ही उन्हाळी घरं सगळी एका फाटकावर टांगलेली आहेत, हे मार्च २०२० मध्ये कळलं. साथीमुळे सीमा बंद झाली. गावात रोगी जवळपास नव्हते आणि गिऱ्हाईकही नव्हतं. ऑगस्टमध्ये बेलिंगहॅमपर्यंत तात्पुरती बोट सुरू करावी लागली. एकुलतं सुपरमार्केट बंद पडायच्या बेतात आलं, तेव्हा २०२१ मध्ये राज्य सरकारने १ लाख डॉलर देऊन ते तगवलं. कॅनडाचे लोक रस्त्याने पुन्हा येऊ शकले ते ८ नोव्हेंबर २०२१ पासून. सीमा कधी उघडायची हे ठरलं ओटावात आणि वॉशिंग्टन डी.सी.त. गावाला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं तरी कोणाला? महापौरच नाही.

संध्याकाळी सहा. काउंटी कौन्सिलच्या बैठका मंगळवारी, बेलिंगहॅमला. गावाची एक सल्लागार समिती आहे, तिचा अधिकार नावाप्रमाणे सल्ल्यापुरताच. मग गावाने शहर म्हणून नोंदणी करून स्वतःचा महापौर का निवडू नये? वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार त्यासाठी किमान १,५०० रहिवासी लागतात. २०२० च्या जनगणनेत पॉइंट रॉबर्ट्समध्ये १,१९१ भरले.