नांव जुनें, माप नवें

आजीच्या जुन्या वहींत ‘पाटल्या, तोळे १०’ अशी नोंद सांपडते. नातवंडें वांटणीस बसतात आणि दहा तोळे म्हणजे शंभर ग्रॅम असा हिशेब मांडतात. तराजूवर मात्र तेंच सोनें ११६ ग्रॅमांच्याही थोडें वर भरतें. मग नोंद खोटी कीं तराजू खोटा? दोन्ही खरीं आहेत. बदलला आहे तो तोळा.

इंग्रजी अमदानींत १८३३ सालीं तोळ्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरलें. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला जाई. लक्ष्मीपूजनासाठीं जपून ठेवलेला जुना बंदा रुपया हा घरांतला तोळाच होय. पुढें १९५६ च्या कायद्यानें देशानें दशमान मापें स्वीकारलीं. सोन्याचा भाव दहा ग्रॅमांचा निघूं लागला, आणि बोलण्याच्या संवयीनें त्या दहा ग्रॅमांसच तोळा हें नांव चिकटलें. हा भेद ज्या घरास ठाऊक नाहीं, तें घर वहीवर विसंबून न तोलतां शंभर ग्रॅमांवर समाधान मानील आणि साडेसोळा ग्रॅम सोन्यास मुकेल.

जमिनीचीही तीच गोष्ट. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद अशी जागा, अर्थात् १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर व आर या मापांत लिहिलेलें असतें. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, सुमारें १०७६ चौरस फूट. दोहोंतील अंतर तेरा फुटांचें, म्हणून लोक सहजच आरास गुंठा म्हणतात. परंतु चाळीस आर म्हणजेच एकर असें धरून व्यवहार केल्यास सुमारें ५०० चौरस फुटांची तफावत पडते. शहरांत एवढ्या जागेंत एक कुटुंब संसार करितें!

सोनें आणि जमीन यांतील चूक पैशानें भरून निघेल. चमच्याची चूक तशी नाहीं. औषधाच्या भाषेंत लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर व मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर. स्वयंपाकघरांतील चमच्यांस असें कांहीं बंधन नसतें. एकाच डब्यांतले दोन चमचे निरनिराळें माप दाखवितात. रात्रीं ताप चढलेल्या मुलास घाईघाईनें मोठ्या चमच्यानें औषध पाजलें, तर मात्रा तिप्पट होते. तापावर नेहमीं दिलें जाणारें पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर गेल्यास यकृतास गंभीर अपाय करूं शकतें. यास्तव बाटलीबरोबर आलेलें रेघांचें टोपण किंवा पिचकारी हेंच खरें माप समजावें, आणि डॉक्टरांनीं ‘एक चमचा’ म्हटल्यास किती मिलिलिटर हें तेथेंच विचारून घ्यावें.

याचा अर्थ जुनीं मापें टाकून द्यावींत असा नव्हे. वीत सुमारें नऊ इंच, हात सुमारें अठरा इंच. हीं मापें माणसाच्या अंगावरच असल्यामुळें विसरतां येत नाहींत. मात्र प्रत्येकाची वीत निराळी. घरांतील प्रत्येकानें एकदां आपली वीत व आपलें पाऊल टेपानें मोजून तो आंकडा ध्यानांत ठेवावा. मग पडद्याचें कापड घेतांना किंवा नव्या कपाटास जागा पाहतांना अंदाज फारसा चुकत नाहीं.

मापाचें नांव तोंडांत राहतें आणि त्याचा आंकडा काळाबरोबर पालटतो. म्हणून नांव ऐकतांच त्यामागचा आंकडा विचारण्याची संवय घरांतील लहानथोरांनीं लावून घ्यावी. हा प्रश्न विचारण्यास क्षणभरही लागत नाहीं. न विचारल्याची किंमत मात्र कधीं सोन्यानें, कधीं जमिनीनें, तर कधीं मुलाच्या प्रकृतीनें मोजावी लागते.