खांड बुजवायची कोणी? भूमिका-खेळ असा रचला जातो

पेणच्या खारेपाटात उधाणाच्या वेळी संरक्षक बांधाला खांड पडली, की खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरते. बांध एकट्याचा नसतो. तो फुटला की नुकसान साऱ्यांचेच होते. अशा रात्री फावडे घेऊन कोण धावेल आणि स्वतःचे घर सावरायला कोण थांबेल? हा प्रश्न टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांपुढे ठेवला, की एका खेळाचे बीज पडते. या प्रकाराला 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. मराठीत त्याला भूमिका-खेळ म्हणता येईल.

या खेळात प्रत्येक जण एक पात्र होतो आणि ते पात्र काय करते, हे तोंडी सांगतो. सूत्रधार प्रसंग मांडतो. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. याची मुळे युद्धखेळांत आहेत. प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशा, फासे आणि पंच असलेला 'क्रीग्सश्पील' स्वीकारला. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला आणि सैन्याच्या तुकडीऐवजी एकेक पात्र खेळाडूच्या हाती आले.

रचनाकाराचे पहिले काम म्हणजे पेच निवडणे आणि दुसरे म्हणजे त्या पेचात अडकलेल्या भूमिका ठरवणे. खारेपाटातील शेतकऱ्याला पीक वाचवायचे आहे. हमरापूर-जोहे परिसरातील मूर्तिकाराला गणेशोत्सवापूर्वी मूर्ती पूर्ण करायच्या आहेत. खारभूमी विभागाच्या अभियंत्याला मंजुरीची वाट पाहावी लागते. खांड मात्र थांबत नाही. प्रत्येकाची अडचण खरी असली, तरच खेळाला धार येते.

तिसरे काम फाशांच्या गणिताचे. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ वेळा बेरीज ६ किंवा त्याहून कमी येते, १५ वेळा ७ ते ९ आणि केवळ ६ वेळा १० किंवा अधिक. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१०च्या खेळात १० किंवा अधिक म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे किंमत मोजून मिळालेले यश. खांड बुजते, पण साठवलेली माती संपते. आता शेजारी मदतीला आल्यास बेरजेत १ मिळवावा, असा नियम केला, तर निदान अंशतः यशाच्या शक्यता २१ वरून २६ होतात. मात्र मोजावी लागणारी किंमत मदतनीसानेही वाटून घ्यायची. सहकार्याचे मोल भाषणाविना समजते, ते असे.

प्रत्येक पेच मात्र फाशांवर सोडवता येत नाही. रोह्याचेच पाहा. भिरा जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी कुंडलिकेत येते. कोलाडचे राफ्टिंग, नदीकाठची शेती आणि धाटावची औद्योगिक वसाहत यांना पाण्याची गरज आहे. येथे निसर्गाशी झुंज नाही, तर माणसांमधील वाटप आहे. त्यामुळे वाटाघाटींचे नियम हवेत. पेण तालुक्यातील २२ गावांत सेझसाठी जमीन देण्याबाबत सप्टेंबर २००८ मध्ये जनमत घेण्यात आले. असा निर्णय खेळात आणायचा झाल्यास तो फाशांनी नव्हे, पात्रांनीच घ्यायला हवा.

शेवटी चाचणी. नियमांचा कागद अनोळखी मंडळींच्या हाती द्यावा आणि रचनाकाराने गप्प बसावे. ते कोठे अडखळतात, ते टिपावे. खेळ संपल्यावरही 'मी गेलो असतो तर बांध वाचला असता का', असा वाद रंगला, तर रचना साधली असे समजावे.